शटल आत होतं, हे मला दिसलं होतं

या वेळचं पत्र चांगलं चार पानी आहे, त्यामुळे गाभा तेवढा देते. लिहिणारे गृहस्थ एकोणचाळीस वर्षांचे, पेशाने हिशेब तपासनीस. नाव छापू नका असं त्यांनी दोनदा बजावलंय.

"मी तसा शांत माणूस. ऑफिसात माझा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. हिशेबात एक आकडा जुळला नाही तर मला रात्री झोप लागत नाही. नऊ वर्षं झाली, आठवड्यातून तीन दिवस सकाळी बॅडमिंटन खेळतो, बहुतेक दुहेरीच. आणि तिथे माझ्या अंगात काय येतं कळत नाही. जोडीदाराने सोपं शटल घालवलं की मी तोंड सोडतो. गेल्या महिन्यात १९-१९ असताना त्याची सर्व्हिस नेटमध्ये गेली आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, 'तुझ्याबरोबर खेळण्यापेक्षा भिंतीबरोबर खेळलेलं बरं.' आमची वीस वर्षांची मैत्री आहे. गेम संपल्यावर त्याने किट उचललं आणि निघून गेला, तो अजून आलेला नाही. पुढच्या गेमला दुसरा कुणीतरी माझ्याबरोबर उभा राहिला. त्या गेममध्ये समोरच्यांचा एक फटका आमच्या मागच्या रेषेवर पडला. मी हात वर करून 'आउट' म्हणालो. कुणी काही बोललं नाही. माझी दहा वर्षांची मुलगी बाकावर बसली होती. घरी येताना गाडीत तिने विचारलं, 'बाबा, ते शटल आत होतं ना?' मी म्हणालो, 'नाही गं, जरासं बाहेर होतं.' शटल आत होतं, हे मला दिसलं होतं.

"गंमत अशी की शेजारच्या कोर्टावर लहान मुलं शिकत असतात, त्यांच्याशी मी अर्धा-अर्धा तास खेळतो, ती वीसदा चुकतात आणि मला काहीही होत नाही. बायको म्हणते, माणसाचा खरा स्वभाव खेळातच कळतो, आणि स्वभावाला औषध नसतं. एका ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणीत मात्र मी 'नेमस्त, प्रामाणिक, दुसऱ्यांची मनं जपणारा, पण आतून अस्वस्थ' निघालो आणि ते मला तंतोतंत पटलं. मग खरा मी कोणता? खेळ सोडू का? की आतली वाफ तिथे निघून जाते म्हणूनच बाकी वेळ मी शांत असतो?"

नमस्कार.

'घाईत नीट दिसलं नाही' असं लिहिलं असतंत तर मला काहीच कळलं नसतं. तुम्ही तसं लिहिलं नाहीत. ते एक वाक्य तुम्ही सरळ लिहून टाकलंत, म्हणून मीही सरळ लिहिते.

आधी त्या चाचणीचा निकाल लावू. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'खास' वर्णन लिहून दिलं. वर्णन कितपत जुळतंय ते पाचपैकी गुण देऊन सांगा, म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग त्याने उघड केलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली वाक्यं त्याने भविष्याच्या एका स्वस्त पुस्तकातून उचलली होती. 'मनं जपणारा, पण आतून अस्वस्थ' हे तुमच्या कोर्टावरच्या कुणालाही दाखवा, तो मान डोलावेल. मीही डोलावीन.

म्हणजे स्वभाव मोजताच येत नाही असं नाही. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द काढले. पुढे कित्येक दशकं त्यांची चाळण होत होत अभ्यासक पाच मोठ्या गुणांपर्यंत आले: बहिर्मुखता, नेटकेपणा, मनमिळाऊपणा, चिंताळूपणा आणि नव्याची ओढ. हे गुण म्हणजे खोके नाहीत, पट्ट्या आहेत. बहुतेक माणसं प्रत्येक पट्टीच्या मधल्या भागात सापडतात. लोकांमध्ये या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण ४० ते ५० टक्के आनुवंशिक असतो, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून वारंवार दिसलंय. खेळाशीही यांचा संबंध आहे. नेटकी माणसं व्यायाम नियमित करतात, बहिर्मुख माणसं जरा जास्त हालचाल करतात, चिंताळू माणसं जरा कमी. संबंध खरे, पण बारीक. तुम्ही नऊ वर्षं आठवड्यातून तीनदा कोर्टावर हजर असता, त्यात तुमच्या नेटकेपणाचा हात आहे असं मी बिनधास्त म्हणेन. १९-१९ ला तुमच्या तोंडून काय निघेल, हे मात्र कुठलीच चाचणी सांगत नाही.

सांगता येईल असं एके काळी लोकांना फार वाटत होतं. १९६९ मध्ये ब्रूस ओगिल्वी आणि थॉमस टुटको यांनी खेळाडूंसाठी खास चाचणी आणली. जिद्द, आक्रमकता, कणखरपणा असं सगळं मोजून विजेता आधीच ओळखायचा, अशी कल्पना. संघांनी ती वापरलीही. इतर संशोधकांना मात्र तिच्यातून यश-अपयशाचं भाकीत नीट करता येईना, आणि विश्वास ठेवणारे विरुद्ध शंका घेणारे असे दोन तट या विषयात पडले, ते बरीच वर्षं टिकले.

क्रीडा मानसशास्त्रात मी नवीन होते तेव्हा विश्वास ठेवणाऱ्यांत होते. टेबल टेनिसच्या एका संघासोबत काम करताना चाचणीचे तक्ते बघून मी प्रशिक्षकाला सांगितलं की निर्णायक सामना अमुक मुलाला द्या, तो सगळ्यात थंड डोक्याचा आहे. तमुकला नको, त्याचा चिंतेचा आकडा भलताच वर आहे. थंड डोक्याचा मुलगा तीन सरळ गेममध्ये हरला. हरतानाही थंडच होता. चिंतेचा आकडा वर असलेला मुलगा बाकावर बसून नखं खात होता. पुढच्या वर्षभरात अटीतटीच्या सामन्यांत तोच सगळ्यात भरवशाचा निघाला, कारण सामन्याआधी घाबरणं ही त्याची जुनी सवय होती आणि घाबरलेल्या हातांनी खेळायचं कसं हे त्याला पाठ होतं. ते तक्ते मी अजून ठेवलेत. कधी फार शहाणपणा वाटायला लागला की काढून बघते.

आता तुमचा खरा प्रश्न: खरा मी कोणता?

१९६८ मध्ये वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने सगळ्या व्यक्तिमत्त्व-अभ्यासालाच सुरुंग लावला. त्याचं म्हणणं असं की एका ठिकाणी प्रामाणिक वागलेला माणूस दुसऱ्या ठिकाणीही प्रामाणिक वागेल, याची खात्री आपल्याला वाटते त्याहून पुष्कळच कमी असते. यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. मग स्वभाव म्हणून काही असतं की नाही? त्याचं उत्तर पुढे मिशेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनीच शोधलं, मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात. मुलं सहा आठवडे शिबिरात होती, आणि कोण कधी चिडतं, मारामारी करतं, रडतं याच्या तासन्‌तास नोंदी ठेवल्या गेल्या. नुसतं 'चिडला' असं लिहून भागवलं नाही, कशानंतर चिडला तेही लिहिलं: बरोबरीच्या मुलाने चिडवल्यावर, मुलगा सहज बोलायला आल्यावर, मोठ्या माणसाने कौतुक केल्यावर, ताकीद दिल्यावर, की शिक्षा केल्यावर. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दोन मुलांच्या चिडण्याची बेरीज सारखी येई, पण एक पोरगा मोठ्यांनी ताकीद दिली की पेटायचा आणि पोरांनी चिडवलं तर ढिम्म, दुसऱ्याचं बरोबर उलटं. आणि ज्याचा जो नमुना होता, तो बऱ्यापैकी टिकून राहायचा. स्वभाव तिथे होता. 'रागीट' किंवा 'शांत' या विशेषणात तो मावत नव्हता, एवढंच. तो 'जर असं झालं, तर हा असा वागतो' अशा जोड्यांमध्ये होता.

या चष्म्यातून तुमचं पत्र पुन्हा वाचा. मी तीनदा वाचलं. शिकणारी मुलं वीसदा चुकतात, तुम्हाला काही होत नाही. तेच कोर्ट, तीच रॅकेट, तीच सकाळ. म्हणजे 'कोर्टावर उतरलो की अंगात येतं' हे तुमचं निदान चूक आहे. समोरच्या जोडीवर तुम्ही ओरडलात असं चार पानांत कुठेही नाही. स्वतःच्या चुकीवर तुम्ही काय करता ते लिहिलेलं नाही, पण बहुधा ओठ आवळून गप्प होता. तुम्ही पेटता तेव्हा तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात: चूक सोपी असते, ती तुमच्या बाजूच्या माणसाच्या हातून होते आणि गुणफलक शेवटाला आलेला असतो. हा तुमचा 'जर'.

आणि तो कुठून येतो हेही तुम्हीच लिहून ठेवलंय. ज्या माणसाला एक आकडा जुळेना म्हणून झोप लागत नाही, त्याला चूक सहन होत नाही. ऑफिसात तुम्ही ती शोधता, दुरुस्त करता, खाली रेघ मारता आणि शांत होता. लोकांना तुमचा शांतपणा दिसतो, त्याच्या आधीची अस्वस्थता दिसत नाही. कोर्टावर नेटमध्ये गेलेली सर्व्हिस मागे आणता येत नाही. वर ती दुसऱ्याच्या हातून गेलेली असते आणि तिचा हिशेब तुमच्या नावावर पडतो. दुरुस्त करायला हातात काही उरत नाही, मग तोंड उरतं. परिपूर्णतेच्या हट्टाचे पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून निर्दोष कामाची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा, आणि जगाची आपल्याकडून तशी अपेक्षा आहे अशी समजूत. तुमचा ऑफिसातला हट्ट पहिल्या प्रकारचा. दुहेरीत जोडीदार असतो, म्हणून तिथे दुसरा प्रकार जागा होतो. एकेरी खेळत असतात तर तो कदाचित कुणालाच, तुम्हालाही, कधी दिसला नसता.

तेव्हा बायकोला सांगा की ती अर्धी बरोबर आहे. कोर्टावर दिसतो तो तुमचा स्वभावच आहे, बाहेरून काही संचारत नाही. पण ऑफिसात दिसतो तोही तोच आहे. तिकडचा मुखवटा आणि इकडचा चेहरा अशी वाटणी करता येणार नाही. फ्रान्सचा फुटबॉलपटू झिनेदिन झिदान मैदानाबाहेर लाजाळू, अबोल म्हणून ओळखला जायचा. १९९८च्या विश्वचषकात त्याला एका सामन्यात लाल कार्ड मिळालं आणि त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने डोक्याने दोन गोल केले. २००६च्या अंतिम सामन्यात ११०व्या मिनिटाला त्याच डोक्याने त्याने इटलीच्या मातेराझीच्या छातीवर धडक मारली, आणि कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यातून बाहेर चालत गेला. खरा झिदान कोणता, यावर लोक अजून वाद घालतात. मला तो वाद बिनकामाचा वाटतो. धडकेआधी काय घडलं हा प्रश्न कामाचा आहे, आणि सगळ्यात जास्त कामाचा तो त्याच्यासाठीच होता.

इथवर रागाचं झालं. रेषेवरचं शटल हे प्रकरण वेगळं आहे, दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

रागात माणसाचा ताबा सुटतो. 'आउट' म्हणताना तुमचा ताबा सुटला नव्हता. हात व्यवस्थित वर गेला होता. १९८०च्या दशकात ब्रेंडा ब्रेडेमायर आणि डेव्हिड शील्ड्स यांनी खेळाडूंना नैतिक पेचांचे प्रश्न घातले, काही रोजच्या आयुष्यातले, काही खेळातले. तीच माणसं खेळातल्या प्रश्नांना जास्त आपमतलबी उत्तरं द्यायची. बाहेर 'समोरच्याचं नुकसान होईल' म्हणणारा खेळाचा विषय निघाला की 'तो खेळाचाच भाग आहे' म्हणायचा. अंगाला अंग भिडणाऱ्या बास्केटबॉलच्या महाविद्यालयीन खेळाडूंमध्ये हे पोहणाऱ्यांपेक्षा जास्त दिसलं. या दोघांनी त्याला कंसातली नीती असं नाव दिलं: रोजच्या नीतीला खेळापुरतं कंसात टाकून ठेवायचं आणि सामना संपला की बाहेर काढायचं. कंसातला आकडा म्हणजे काय हे तुमच्या पेशातल्या माणसाला मी सांगायला नको. हिशेबात तो वजाच असतो.

या कंसाला आधार मिळतो तो पंचांमुळे. बरोबर-चूक ठरवणं हे शिट्टीवाल्याचं काम, आपण फक्त खेळायचं, ही सवय खेळाडूंना लहानपणापासून लागते. त्याला दिसलं नाही तर आपण कशाला सांगायचं? पण तुमच्या सकाळच्या कोर्टावर पंच नाही. मागच्या रेषेपाशी तुम्ही खेळाडूही होतात आणि पंचही. पंच नसलेल्या टेनिसमध्ये जुना संकेत आहे की चेंडूबद्दल शंका असेल तर तो आत धरायचा, शंकेचा फायदा समोरच्याला. तुम्हाला तर शंकाही नव्हती.

का केलंत? माझा अंदाज सांगते, चूक असेल तर सोडून द्या. मित्र किट उचलून गेला होता. तुम्हाला लाज वाटत होती, लेक बघत होती, आणि निदान हा गेम जिंकला तर सकाळ वाया गेली नाही असं कुठेतरी वाटत होतं. जिंकण्याकडे बघायच्या दोन तऱ्हा क्रीडा मानसशास्त्रात नेहमी सांगतात. एकाला आपण कालच्यापेक्षा बरं खेळलो की समाधान मिळतं, दुसऱ्याला समोरच्यापेक्षा वरचढ दिसलो तरच. दोन्ही प्रत्येकात असतात, पण दुसरीचं पारडं जड झालं की खोटेपणाला, धसमुसळेपणाला सूट द्यायची वृत्ती वाढते, असं अभ्यासांत दिसतं. त्या सकाळी तुमचं पारडं कुठे होतं ते तुम्हीच बघा.

एक बारीकशी गोष्ट. खेळातलं चांगलं-वाईट वागणं मोजायला मारिया कवुसानू आणि इयन बोर्डली यांनी २००९ मध्ये एक प्रश्नावली केली. तिच्यात प्रतिस्पर्ध्याशी वाईट वागणं आणि आपल्याच सहकाऱ्याशी वाईट वागणं यांचे रकाने वेगवेगळे आहेत. आपण खिलाडूवृत्ती म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर फक्त समोरचा असतो: हात मिळवला, 'वेल प्लेड' म्हटलं, झालं. जाळीच्या आपल्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाशी वागण्याची गणती त्यात होत नाही. तुम्ही त्या सकाळी दोन्ही रकाने भरलेत, पण मला विचाराल तर सहकाऱ्याचा जास्त भरलात.

वाफेचं आता. 'तिथे वाफ जाते म्हणून मी इतर वेळी शांत असतो' ही समजूत फार गोड आहे आणि फार जुनी आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ती तपासली. आधी लोकांना मुद्दाम चीड आणली. मग काहींना, ज्याचा राग आला त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं, काहींना व्यायाम म्हणून मारायला लावलं, आणि काहींना काहीच न करता बसवून ठेवलं. सगळ्यात जास्त चिडलेले राहिले ते पहिले. नुसते बसलेले सगळ्यात कमी आक्रमक निघाले. म्हणजे तुम्ही आठवड्यातून तीन सकाळी वाफ काढत नाही, ओरडायचा सराव करता. नऊ वर्षांचा सराव आहे, त्यामुळे जमतंही छान. खेळून आल्यावर बरं वाटतं ते घामामुळे, धावण्यामुळे, चार माणसं भेटल्यामुळे. ओरडण्याचा त्यात वाटा नाही. मग खेळ सोडायचं काय कारण? ओरडणं सोडलंत तर बाकीचं सगळं जागच्या जागी राहील.

स्वभावाला औषध नसतं म्हणतात. पथ्य असतं. वय वाढतं तशी माणसं सरासरीने जास्त नेटकी आणि जास्त मनमिळाऊ होतात, चिंताळूपणा कमी होतो, हे मोठ्या अभ्यासांतून दिसलंय. पण त्याला वर्षं लागतात आणि तुमचा मित्र तेवढा थांबणार नाही. वागणं त्यापेक्षा खूप लवकर बदलतं. रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात भाषण केलं. सगळे त्याच्या सहजतेचं कौतुक करतात, पण रॅकेटी फेकणं आणि शिव्या घालणं थांबवून डोकं थंड ठेवायला शिकण्यात आपली वर्षं गेली, असं त्याने सांगितलं. त्याच भाषणातला एक आकडा खास तुमच्यासाठी: कारकिर्दीत तो एकेरीचे १,५२६ सामने खेळला, त्यांतले जवळजवळ ८० टक्के जिंकला, पण गुण जिंकले फक्त ५४ टक्के. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाचा ताळेबंद १०० पैकी ४६ वेळा जुळला नाही. तुमच्या मित्राची १९-१९ची सर्व्हिस त्या ४६ मधली होती.

पथ्याकडे वळते. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 'जर-तर' बेतांवर बरंच काम केलंय, आणि हा उपाय टेनिस खेळाडूंवरही आजमावला गेलाय. 'मी आता चिडणार नाही' असा निश्चय केला की तो ऐन वेळी आठवतच नाही, कारण त्याला खुंटी नसते. खुंटी द्यायची: जर अमुक घडलं, तर मी तमुक करीन. तमुक म्हणजे हातापायांनी करायची गोष्ट. तुमच्यासाठी मी असं लिहीन: जर जोडीदाराचं शटल नेटमध्ये गेलं, तर मी कोर्टाच्या मागच्या रेषेपर्यंत चालत जाईन, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करीन आणि एकच शब्द बोलेन. तारा सरळ करताना नजर जोडीदाराच्या तोंडावर राहत नाही. अर्धं काम तिथेच होतं. शब्द कुठला ते जोडीदाराला आधी विचारा. बरेच जण 'पुढचा' म्हणतील, काही जण 'काहीच बोलू नकोस' म्हणतील. 'अरे, मनगट सैल ठेव ना' हा शब्द नाही, ती शिकवणी आहे. १९-१९ ला शिकवणी कुणालाही नको असते. (मला तर ३-० लाही नको असते.)

दुसरं काम तुमच्या पेशाचं. महिनाभर एक वही ठेवा. गुणफलक नाही लिहायचा. प्रत्येक वेळी तोंडून वाकडं गेलं की किती गुण झाले होते, कुणाची चूक होती, बाकावर कोण होतं, एवढंच. माझा अंदाज, बहुतेक नोंदी १७च्या पुढे पडतील आणि प्रेक्षक असताना दाट होतील. तसं निघालं तर तुम्हाला पूर्ण सामनाभर स्वतःवर पहारा ठेवायची गरज नाही. १७ झाले की सावध व्हायचं. काही वेगळंच निघालं तर तुमचा 'जर' वेगळा आहे, बेत त्याप्रमाणे बदला. पहिल्या आठवड्यात हे सगळं विसरून तुम्ही एकदा तरी ओरडालच. तेव्हा पुढची सर्व्हिस व्हायच्या आत 'चुकलो' म्हणा. गेम संपल्यावर नको, कारण तोवर तो मनातल्या मनात तुम्हाला चार उत्तरं देऊन मोकळा झालेला असतो आणि त्याचा पुढचा फटकाही गेलेला असतो.

हे सगळं कोर्टापुरतं आहे असं धरून मी लिहिलंय. घरी, गाडी चालवताना, मुलीच्या अभ्यासाला बसल्यावरही हाच आवाज निघत असेल तर तुमच्या शहाण्या बायकोला विचारून एखाद्या समुपदेशकाकडे समोरासमोर जा. ते काम पत्राने होत नाही.

मित्राला फोन करा. मेसेज नको. 'रागाच्या भरात निघून गेलं' म्हणू नका, कारण ते काय निघून गेलं याला मग नाव राहत नाही. जे वाक्य बोललात ते भिंतीसकट उच्चारा आणि त्या वाक्याची माफी मागा. 'पण तूही त्या दिवशी...' असं काही जिभेवर आलं तर घोटभर पाणी प्या. आणि त्याच फोनवर त्याला उद्या खेळायला बोलावू नका. जोडीदार कमी पडतोय म्हणून फोन केला असं त्याला वाटायला वाव ठेवू नका. त्याला यायचं असेल तर तो विचारेल.

राहिली लेक. दहा वर्षांच्या मुलीला रेषा दिसते, तिने विचारलं ते खात्री करून घ्यायला. तिला शटलबद्दल कळलेलं होतं, तुमच्याबद्दल कळून घ्यायचं होतं. आता महिना होऊन गेलाय, ती विसरली असेल असं वाटून गप्प राहू नका. गाडीतच सांगा, दोघंच असताना, कारण प्रश्न तिथे विचारला गेला होता: 'त्या दिवशीचं शटल आत होतं. मला दिसलं होतं. मी खोटं बोललो, आधी तिथे आणि मग तुझ्याशी.' स्वभाव, दबाव, फेडरर यातलं काही काढू नका. शक्य झालं तर त्या समोरच्या जोडीलाही पुढच्या सकाळी सांगा, ती बाकावर असताना. एका गुणाने आता कुणाचं काही बिघडणार नाही, फारतर चहाटळपणे हसतील. गाडीत ती बहुधा विचारेल, 'मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?' त्याचं उत्तर आत्तापासून तयार करून ठेवू नका.